एका गांवानें राखिलेलें सार्वजनिक घर

'दारूचा गुत्ता' हे शब्द कानीं पडतांच आपल्या डोळ्यांपुढें मोडलेले संसार उभे राहतात, आणि तें यथार्थच आहे. इंग्लंडांतील खेड्यापाड्यांत मात्र 'पब्लिक हाऊस', म्हणजे सार्वजनिक घर, ही संस्था शतकानुशतकें लोकांच्या बैठकीची जागा म्हणून नांदत आली. मद्याचें स्तवन करण्याचा आमचा हेतु नाहीं. एका गांवानें असें घर कसें राखिलें, एवढेंच आम्हांस सांगावयाचें आहे.

इंग्लंडच्या वायव्येस, कंब्रियाच्या डोंगरांपाशीं, हेस्केट न्यूमार्केट नांवाचें लहानसें खेडें आहे. १८५७ सालीं चार्ल्स डिकन्स व विल्की कॉलिन्स हे ग्रंथकार तेथील एका पथिकाश्रमांत उतरले होते. तो पथिकाश्रम पुढें खासगी घर झाला. 'ओल्ड क्राऊन' हें जुनें मद्यगृह मात्र चालू राहिलें. १९८८ सालीं त्याच्या मागील कोठारांत 'एल' नांवाची बिअर करण्याचा छोटा कारखाना निघाला. जवास मोड आणून ते वाळवावे, भरडून ऊन पाण्यांत त्यांचा रस काढावा, हॉप वेलीचीं फुलें घालून तो उकळावा व निवल्यावर यीस्टनें आंबवावा, अशी तिची कृति. पिंपांतही ती आंबतच असते, आणि पिंप उघडल्यावर थोड्याच दिवसांत बिघडते. म्हणून जेथें माणसें नित्य जमतात, तेथेंच तिचा निभाव लागतो. येथील पेयांस स्किडॉ, ब्लेंकॅथ्रा अशीं जवळच्या डोंगरांचींच नांवें दिलीं गेलीं.

१९९९ सालीं कारखान्याचा मालक निवृत्त होऊं लागला, तेव्हां लोकांनीं सहकारी संस्था स्थापून कारखाना आपल्या हातीं घेतला. २००३ सालीं खुद्द मद्यगृहाची विक्री निघाली. तेव्हां शंभराहून अधिक लोकांनीं भाग घेऊन तेंही विकत घेतलें. सहकारी मालकीचें ब्रिटनमधील पहिलें मद्यगृह असा त्याचा लौकिक झाला, व पुढें इतर अनेक गांवांनीं हाच मार्ग धरला. सहकाराची ही वाट १८४४ सालीं रॉचडेलच्या २८ जणांनीं घालून दिली होती. तिचें मुख्य तत्त्व हें कीं, भांडवल कितीही असो, मत प्रत्येकास एकच.

सार्वजनिक म्हणविणारें घर पुष्कळदां कागदोपत्रीं एकाचेंच असतें. तो निघून गेला म्हणजे गांवाचा शब्द तेथें चालत नाहीं. हेस्केटच्या रहिवाशांनीं हें वेळींच ओळखिलें आणि आपल्या पदरचे पैसे घालून तो हक्क मिळविला. ज्या वास्तूंस आपण 'आपल्या' म्हणतों, त्यांच्यासाठीं आपण काय घातलें आहे, हें वाचकांनीं आपल्याशींच विचारून पाहावें.