दाहाच्या आड दडलेला कर्करोग

कर्करोग म्हटला कीं गांठ, अशी आपली समजूत असते. स्तनाच्या कर्करोगाचा एक दुर्मिळ प्रकार मात्र असा आहे कीं, त्यांत पुष्कळदां गांठ हाताला लागतच नाहीं. स्तन एकाएकीं सुजतो, लाल वा जांभळट होतो, तापल्यासारखा लागतो. त्वचा संत्र्याच्या सालीप्रमाणें दिसूं लागते. कधीं स्तनाग्र आंत ओढलें जातें. हें सारें कांहीं आठवड्यांत घडतें. घरांतील वडीलधाऱ्या बायका गळू समजून पोटीस बांधतात, आणि बाई अंगावर पाजणारी असली तर दूध तुंबलें म्हणून कोणी घाबरतही नाहीं.

स्तनावरील जांभळा रंग व वेदना हें अशुभ लक्षण होय, असें सर चार्लस बेल या स्कॉटिश शस्त्रवैद्यानें एकोणिसाव्या शतकाच्या आरंभींच नमूद केलें होतें. पुढें 1924 सालीं न्यूयॉर्कच्या मेमोरिअल रुग्णालयांतील ली व टॅननबॉम यांनीं 28 रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली आणि ‘दाहक कर्करोग’ हें नांव रूढ झालें. नांव मला थोडें फसवें वाटतें. येथें जंतूंचा दाह नसतोच. कर्कपेशी त्वचेंतील रसवाहिन्यांत शिरून त्या तुंबवितात, म्हणून सूज व लाली येते.

आमच्या कोल्हापुरांत स्त्रियांच्या दुखण्याला आणखी एक आडपडदा होता, तो लज्जेचा. पुरुष डॉक्टरला छाती दाखविण्यापेक्षां मरण बरें, असें मानणाऱ्या बायका होत्या. डॉ. आनंदीबाई जोशी यांची 1886 सालीं येथील आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या स्त्रीविभागावर नेमणूक झाली. पण 26 फेब्रुवारी 1887 रोजीं क्षयानें त्यांचा अंत झाला. पुढें डॉ. कृष्णाबाई केळवकर यांनीं तेथें स्त्रियांची सेवा केली. तेंच आजचें छत्रपति प्रमिलाराजे रुग्णालय.

मुंबईस टाटा स्मारक रुग्णालय 28 फेब्रुवारी 1941 रोजीं उघडलें. त्याच संस्थेनें 1998 पासून मुंबईंतील सुमारें दीड लाख स्त्रियांवर एक मोठा प्रयोग केला. शिकवून तयार केलेल्या सेविका निम्म्या स्त्रियांचे स्तन दर दोन वर्षांनीं हातानें तपासीत. 2021 सालीं प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षाप्रमाणें पन्नाशीपुढील स्त्रियांत या रोगाचे मृत्यु जवळजवळ 30 टक्क्यांनीं घटले. परंतु आठवड्यांत वाढणारा हा दाहक प्रकार दोन वर्षांच्या फेरीची वाट पाहत नाहीं. तेथें स्त्रीची स्वतःची नजरच कामास येते. जंतुनाशक औषधानें आठदहा दिवसांत लाली ओसरली नाहीं, तर त्वचेचा व आंतील भागाचा तुकडा काढून तपासवावा.

पूर्वी केवळ शस्त्रक्रियेवर भिस्त असे, आणि पांच वर्षें जगणारे रुग्ण क्वचितच आढळत. 1970 नंतरच्या काळांत क्रम उलटला. आतां प्रथम औषधांनीं रोग आटोक्यांत आणतात, मग सबंध स्तन व कांखेंतील गांठी काढतात आणि त्यानंतर किरणोपचार देतात. पेशींच्या जातीप्रमाणें ट्रॅस्टुझुमॅबसारखीं औषधेंही जोडतात. आरंभींच सुरी चालविणें या रोगांत टाळतात.