फॉर-इनची जुनी खोड

मागच्या भागात अ‍ॅरे म्हणजे काय ते आपण बघितलं. आज त्या अ‍ॅरेतून एकेक गोष्ट उचलत फिरणारा लूप. पण आधी माझी फजिती ऐका.

मी पायथनवरून जावास्क्रिप्टकडे नुकताच वळलो होतो. हौसेने आमच्या गणेश मंडळाच्या वर्गणीची बेरीज दाखवणारं एक छोटं पेज बनवलं. पाच घरं, पाच आकडे: ५०१, २५१, १००१, ५०१, १०१. बेरीज यायला हवी २३५५. स्क्रीनवर आलं ००१२३४. खजिनदार काका चष्मा वर सरकवून म्हणाले, "अरे, हा हिशोब आहे की कुणाचा फोन नंबर?"

झालं काय होतं, की मी फॉर-इन लूप लिहिला होता. पायथनमध्ये तो यादीतली वस्तू हातात देतो. जावास्क्रिप्टमध्ये तो वस्तूच्या जागेचं नाव देतो: शून्य, एक, दोन. तेही संख्या म्हणून नाही, अक्षरं म्हणून. आणि शून्याला अक्षर जोडलं की बेरीज होत नाही, नुसती चिकटवाचिकटवी होते. म्हणजे मी दारावरचे घर नंबर गोळा करत फिरलो आणि आतली वर्गणी आतच राहिली.

असं का केलं असेल कुणी? त्यासाठी १९९५ मध्ये जायला लागतं. नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी मे महिन्यात अवघ्या दहा दिवसांत या भाषेचा पहिला नमुना उभा केला. गंमत म्हणजे पहिल्या जावास्क्रिप्टमध्ये तयार अ‍ॅरे नव्हताच! लोक साधा ऑब्जेक्ट घ्यायचे आणि त्यात एक, दोन, तीन अशा नावांचे कप्पे करायचे. फॉर-इन होता तो या कप्प्यांची नावं वाचायला, आणि त्या कामाला तो चोख होता. खरा अ‍ॅरे आला १९९६ मध्ये, पण तोही आतून ऑब्जेक्टच. त्यामुळे फॉर-इन त्याच्यावर चालायचा, फक्त आपल्याला हवं ते द्यायचा नाही. मग सगळे सी भाषेतून आलेला मोजणीचा फॉर लूप लिहीत राहिले: शून्यापासून सुरू कर, लांबीच्या आत थांब, दर फेरीला एक वाढव.

२००५ च्या सुमारास प्रोटोटाइप नावाची लायब्ररी गाजली. प्रत्येक अ‍ॅरेला एक सामायिक पूर्वज असतो. या लायब्ररीने त्या पूर्वजालाच नवी फंक्शन्स शिकवली, म्हणजे सगळ्या अ‍ॅरेंना ती आपोआप आली. सोय मोठी होती. पण फॉर-इन पूर्वजांच्या घरीही डोकावतो! पाच घरांच्या यादीत त्या फंक्शन्सची नावंही घरं म्हणून यायला लागली.

मग फॉर-इन दुरुस्त का नाही केला? कारण त्याच्या या सवयीवर विसंबून तोवर अगणित पानं लिहून झाली होती. ब्राउझरने अर्थ बदलला की ती मोडणार. माझ्या मते तेव्हा हाच निर्णय बरोबर होता. म्हणून जुनं तसंच ठेवून शेजारी नवं बांधलं. २००९ च्या प्रमाण आवृत्तीत फॉरईच आलं, पण त्यातून मध्येच ब्रेक करून बाहेर पडता येत नाही. अखेर २०१५ मध्ये फॉर-ऑफ आला: थेट वस्तू देतो, ब्रेकही ऐकतो.

गोष्ट इथे संपायला हवी होती. २०१८ मध्ये अ‍ॅरेत अ‍ॅरे असतील तर ते सपाट करणारं 'फ्लॅटन' नावाचं फंक्शन भाषेत येणार होतं. फायरफॉक्सच्या चाचणी आवृत्तीत ते टाकलं आणि एक वेबसाइट मोडली. तिच्यात मूटूल्स ही जुनी लायब्ररी होती. तिचं स्वतःचं फ्लॅटन होतं, आणि पूर्वजाकडची फंक्शन्स ती दुसरीकडे कॉपी करायची, तीही फॉर-इननेच! आता ब्राउझरची स्वतःची फंक्शन्स फॉर-इनला दिसत नाहीत. मूटूल्सने त्याच नावावर आपलं फंक्शन ठेवलं खरं, पण कप्पा ब्राउझरचा, म्हणून लपलेलाच राहिला. कॉपी झालीच नाही. समितीतल्या एकाने गमतीत 'स्मूश' असं नाव सुचवलं आणि त्यावरून इंटरनेटवर बरीच भांडणं झाली. शेवटी नाव ठरलं 'फ्लॅट', आणि २०१९ च्या आवृत्तीत ते आलं. पहिल्या जावास्क्रिप्टमधल्या लूपने तेवीस-चोवीस वर्षांनी एका नव्या फंक्शनचं नाव बदलायला लावलं!

माझ्या पेजचं म्हणाल, तर मी 'इन' खोडून 'ऑफ' लिहिलं. २३५५ आलं. काकांनी तरीही वहीत एकदा हाताने बेरीज करून बघितलीच.