भेगा भरणाऱ्या चुन्याची कुळकथा

वसई तालुक्यातल्या नंदाखाल गावच्या वाड्यांमध्ये पानवेल आहे आणि पान म्हटलं की चुना आलाच. हाच चुना इथून दक्षिणेला, वसईच्या किल्ल्यात, दगडाला दगड धरून उभा आहे. डिसेंबर 1534 मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली. मे 1739 मध्ये चिमाजीअप्पांनी ती जिंकली. सुरुंगांनी बुरूज फोडले, पुढे छपरं गेली, आणि 1739 पासूनच्या पावणेतीनशेहून अधिक पावसाळ्यांत खाऱ्या वाऱ्याचा मारा चालूच राहिला. तरी चर्चच्या कमानी आणि तटाचे लांबच लांब पट्टे शाबूत आहेत. याचं श्रेय गवंड्यांच्या हाताला आहे, तसंच चुन्याच्या एका सवयीलाही. चुना स्वतःच्या बारीक भेगा स्वतः भरतो.

ओल, उष्णता किंवा दाब बदलला की त्याप्रमाणे वागणाऱ्या पदार्थांना आज ‘स्मार्ट मटेरियल’ म्हणतात. ऊब मिळताच मूळ आकारात परतणारा नायटिनॉल हा मिश्रधातू त्यातला प्रसिद्ध. त्याचं वय जेमतेम साठ-पासष्ट वर्षं. चुना या घराण्यातला फार जुना पुरुष.

त्याचा जन्म भट्टीत होतो. चुनखडी किंवा किनाऱ्यावरचे शिंपले सुमारे 900 अंश सेल्सिअसला भाजले की त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि उरतो कळीचा चुना. त्यावर पाणी ओतलं की चरचर आवाज होतो, वाफा उसळतात, कळ्या तडकतात आणि ढेकळांची पांढरी फक्की होते. आणखी पाणी घालून तो खड्ड्यात महिनोन्महिने मुरवला की लोण्यासारखा मऊ होतो. मग वाळू, कुठे विटांची भुकटी म्हणजे सुरखी, कुठे गूळ, बेलफळाचा गर किंवा हिरड्याचं पाणी. हे सगळं गोल चरात टाकून वर जड दगडी चाक फिरवायचं, बैल जुंपून. असा चुन्याचा घाणा वाईजवळच्या केंजळगडावर आजही पाहायला मिळतो.

भिंतीत गेल्यावर चुना भट्टीत गमावलेला वायू हवेतून परत घेऊ लागतो आणि पुन्हा दगड होतो. पण हे काम बाहेरून आत, अतिशय संथपणे चालतं. जाड भिंतीच्या पोटात थोडा चुना वर्षानुवर्षं कच्चाच राहतो, आणि सगळी किमया या कच्चेपणात आहे. पाया किंचित खचला, केसाएवढी भेग पडली, की पावसाचं पाणी आत झिरपतं. त्या पाण्यात कच्चा चुना विरघळतो, भेगेपर्यंत येतो, तिथे हवा मिळताच त्याचे स्फटिक होतात आणि भेग बुजते. पाऊस एरवी भिंतीचा शत्रू. इथे तो दुरुस्तीला लागतो. अर्थात याला मर्यादा आहे. पिंपळाच्या मुळीने पाडलेली फट कोणताही चुना सांधू शकत नाही.

रोमन काँक्रीटमध्ये चुन्याचे पांढरे खडे दिसत. कारागिरांनी नीट कालवलं नाही, असं अभ्यासक बरीच वर्षं समजत होते. अमेरिकेतल्या एमआयटीच्या अॅडमिर मॅसिक आणि सहकाऱ्यांनी जानेवारी 2023 मध्ये हा डाग पुसला. इटलीतल्या प्रिव्हर्नमच्या तटाचे नमुने तपासून त्यांनी दाखवलं की कळीचा चुना थेट मिश्रणात घातल्यामुळे हे खडे राहत, आणि भेग त्यांच्यातून गेली की तेच तिला भरत. तसंच काँक्रीट बनवून त्यांनी मुद्दाम तोडलं, अर्ध्या मिलिमीटरची फट ठेवून पाणी सोडलं. दोन आठवड्यांत पाणी झिरपायचं थांबलं. कळीचा चुना नसलेला तुकडा मात्र गळतच राहिला.

जुन्या कारागिरांच्या शहाणपणाचा एक वेगळा पुरावा महाराष्ट्रातही आहे. वेरूळच्या लेण्यांतल्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू मिसळलेले आढळले. राजदेव सिंह आणि मिलिंद सरदेसाई यांनी 2016 मध्ये त्यावर शोधनिबंध लिहिला. हे तंतू हवेतला दमटपणा शोषून घेतात, किडीला दूर ठेवतात. अजिंठ्याच्या गिलाव्यात भांग नाही आणि तिथल्या चित्रांचं किडींनी मोठं नुकसान केलं आहे.

1824 मध्ये इंग्लंडच्या जोसेफ अॅस्पडिनने पोर्टलँड सिमेंटचं पेटंट घेतलं, 1914 मध्ये पोरबंदरला सिमेंटचं उत्पादन सुरू झालं आणि घाण्याचे बैल हळूहळू सुटले. सिमेंटला महिने मुरत ठेवावं लागत नाही, ते झटपट घट्ट होतं. घाईच्या जगाला तेच हवं होतं. भेगा भरण्याचा गुण त्यात अगदी थोडा. मग तो बाहेरून आणायची खटपट सुरू झाली. नेदरलँड्समधल्या डेल्फ्टचे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ हेंक योंकर्स यांनी काँक्रीटमध्ये जिवाणूंचे सुप्त बीजाणू आणि त्यांचं खाद्य म्हणून कॅल्शियम लॅक्टेट घातलं. भेगेतून पाणी आलं की जिवाणू जागे होतात, खातात आणि चुनखडी तयार करतात. म्हणजे नवी प्रयोगशाळाही शेवटी चुनखडीच्याच दारात आली.

चुना आणि सिमेंट यांतल्या फरकाचा कोकणपट्टीच्या जुन्या घरांशी आणि देवळा-चर्चशी रोजचा संबंध आहे. चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवला की आतली ओल बाहेर पडू शकत नाही. क्षार आतच साठतात, त्यांचे स्फटिक फुगतात आणि विटा-दगडांचे पापुद्रे निघू लागतात. वरून भिंत गुळगुळीत दिसते, पण गिलाव्यामागे ती पोखरली जात असते. म्हणून जाणकार मंडळी जुन्या भिंतीला हात लावण्याआधी तिच्यातल्या चुन्याचा नमुना तपासून घेतात, वाळूचं प्रमाण जुळवतात, आणि पावसाळा संपायच्या कितीतरी आधी नवा चुना भिजत घालतात.