बेळगावचे बाबा पदमनजी आणि प्रभुभोजनाआधीची परीक्षा



प्रभुभोजनाच्या रविवारी पाळकसाहेब सांगतात, आधी प्रत्येकाने स्वतःची परीक्षा करावी. मग सगळे डोळे मिटतात. खोटं बोललो का, कुणाला दुखावलं का, प्रार्थना चुकली का, असा हिशेब मनात चालतो. पण पौलाने करिंथच्या मंडळीला हे लिहिलं, त्यामागचं कारण अगदी घरगुती होतं. लोक एकत्र जेवायला जमायचे, त्यातले काही आधीच आपलं जेवून घ्यायचे आणि गरीब उपाशी राहायचे. म्हणजे ही परीक्षा मनाची तर होतीच, पण पंगतीचीही होती. हे ध्यानात ठेवून आपल्या मराठी ख्रिस्ती लोकांचा इतिहास वाचला तर त्यातल्या बऱ्याच गोष्टी नव्याने कळतात.

सुरुवात आमच्या बेळगावापासून करतो. लंडन मिशनरी सोसायटीने इथे 1820 साली काम सुरू केलं. 1831 साली याच गावात, कासार समाजातल्या घरी बाबा पदमनजी जन्मले. मिशनच्या शाळेत शिकले, पुढे मुंबईला गेले आणि तिथे परमहंस सभेत जाऊ लागले. ही 1849 च्या सुमारास निघालेली गुप्त सभा, दादोबा पांडुरंग वगैरे मोठी माणसं तिच्यात होती. जातिभेद मानत नाही याची खूण म्हणून सभासदाने ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खायचा. त्या काळात हे धाडसच, कारण कळलं तर वाळीत पडायची वेळ. पण ते धाडस बंद दाराआडचं. सभा संपवून घरी गेलं की शिवाशीव पूर्वीसारखीच. पुढे सभासदांची नावं बाहेर फुटली, तेव्हा सगळे पांगले.

बाबांनी 1854 साली बेळगावातच बाप्तिस्मा घेतला. ‘अरुणोदय’ हे त्यांचं आत्मचरित्र मिळालं तर जरूर वाचा. भाषा जुनी आहे, मधे मधे वादविवाद लांबतो, पण स्वतःला ते फारशी सूट देत नाहीत. मनाला पटलेलं होतं, तरी आईवडिलांचं काय होईल, लोक काय म्हणतील या भीतीने पाऊल अडत होतं, हे त्यांनी उघड लिहिलंय. बाप्तिस्म्यानंतर तीनच वर्षांनी, 1857 साली, त्यांनी विधवांच्या हालांवर ‘यमुनापर्यटन’ लिहिलं. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून तिचं नाव घेतात. माझ्या मते त्यांच्या विश्वासाची खरी साक्ष बाप्तिस्म्याच्या दाखल्यापेक्षा या पुस्तकात जास्त सापडते.

लक्ष्मीबाई टिळकांची गोष्ट याच्या अगदी उलट. वडिलांच्या कडक सोवळ्यात त्या वाढल्या. 1895 साली नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि घर दुभंगलं. बाई मुलाला घेऊन काही वर्षं वेगळ्या राहिल्या. मग नवऱ्याकडे परतल्या, पण सोवळं घेऊनच. त्यांचा स्वयंपाक निराळा, पाणी निराळं. टिळक तसे तापट, तरी या बाबतीत त्यांनी सक्ती केली नाही. पुढे एके दिवशी बाईंनी बसून विचार केला, की ही जात देवाने केली की माणसाने? माणसानेच, असं त्यांना पटलं. त्यानंतर कुणाच्याही हातचं खायला-प्यायला त्यांची हरकत उरली नाही. बाप्तिस्मा त्यानंतर, 1900 साली. म्हणजे बाबांचा विश्वास आधी आला आणि आचरण मागून ओढत आलं, तर बाईंचं ताट आधी बदललं. ‘स्मृतिचित्रे’त हे सगळं त्या हसतखेळत सांगतात. कुठे उपदेश नाही.

टिळकांनाही स्वतःला तपासत राहण्याची सवय होती. तुकोबांच्या अभंगांवरून आपण ख्रिस्तापर्यंत पोचलो, असं ते म्हणत. ख्रिस्ती होण्यासाठी परदेशी व्हायला नको, हे त्यांनी भजन-कीर्तनातून दाखवून दिलं. पण मिशनचा पगार घेऊन हे बोलणं त्यांना खटकत असावं. 1917 साली, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, तो पगार त्यांनी सोडला आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ उभा केला. बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही त्यात जागा होती. मी बँकेत उभी नोकरी केली, त्यामुळे त्या वयात कायमचा पगार सोडणं म्हणजे काय ते मला नीट कळतं! घर चालवायचं होतं लक्ष्मीबाईंना, हेही विसरू नका. दोनच वर्षांनी, 1919 च्या मे महिन्यात, टिळक गेले.

आता आपल्याकडे बघू. पंगतीचा प्रश्न आज उरलेला नाही. चर्चमध्ये एका बाकावर बसतो, एका ताटातली भाकर मोडतो. पण लग्न जुळवायची वेळ आली की फोनवर आवाज खाली जातो आणि विचारतात, “मूळचे कोण हो ते?” तीन-चार पिढ्या ख्रिस्ती असलेल्या घरांतही हे विचारतात. विचारणारी माणसं वाईट नसतात. त्यातलीच काही आजारी शेजाऱ्यासाठी दवाखान्यात रात्र काढतात, दशांश न चुकता देतात. जुनी सवय आहे, असं ती म्हणतात. परमहंस सभेतले लोक घरी गेल्यावर बहुतेक हेच म्हणत असतील.

बेळगाव, कोल्हापूर, मिरज, हुबळी भागात जुनी चर्चची लग्नाची रजिस्टरं, कौटुंबिक बायबलच्या पहिल्या पानावरच्या नोंदी कुणाकडे असतील तर कृपया फोटो काढून ठेवा. वेगवेगळ्या घरांतली लग्नं पहिल्यांदा कधी झाली, ती कुणी लावली आणि त्या दिवशी कोण जेवायला आलं नाही, हे वडीलधारे आहेत तोवर विचारून घ्या. माझ्याकडे आजोबांच्या वेळच्या दोन नोंदी आहेत, त्या पुढच्या वेळी टाकतो.