सिलिंडरवरची खूण

ठाणे-बेलापूर रस्त्याने सिलिंडरांनी भरलेले ट्रक जाताना जुईनगरकरांनी अनेकदा पाहिले असतील. त्या सिलिंडरांचे काळे, तांबडे, निळे रंग शोभेसाठी नव्हेत. ती एक लिपी आहे, आणि तिला इतिहास आहे. तोच येथे थोडक्यात सांगण्याचा आमचा विचार आहे.

ऑक्सिजन, नायट्रोजन आणि साधी हवा यांना रंग नाही, वासही नाही. एकदा पोलादाआड गेली म्हणजे तिन्ही डोळ्यांना सारखीच. तेव्हा आत काय आहे याची बाहेर केलेली खूण म्हणजे भरणाऱ्याने दिलेला शब्दच होय, आणि त्या शब्दावर पुढच्या माणसाचा जीव विसंबून असतो.

आपल्याकडे १८८४ साली स्फोटकांचा कायदा झाला. दाबाखालील वायूंचे सिलिंडर १९३८ मध्ये त्याच्या कक्षेत आणण्यात आले व १९४० मध्ये गॅस सिलिंडर नियम झाले. पुढे १९८१, २००४ व २०१६ साली ते नव्याने करण्यात आले. त्यांची अंमलबजावणी पाहणाऱ्या संघटनेचे मुख्यालय आपल्या नागपुरासच आहे. हायड्रोजनला तांबडा, क्लोरीनला पिवळा, भुलीच्या नायट्रस ऑक्साइडला निळा, आणि रुग्णाच्या ऑक्सिजनला काळे अंग व पांढरे खांदे, ही त्या लिपीची मुळाक्षरे.

परंतु रंग पुरेसा पडत नाही. आपला काळा-पांढरा ऑक्सिजन अमेरिकेत हिरवा होतो. शिवाय शंभरांतील सुमारे आठ पुरुषांना तांबड्या-हिरव्यातील भेद नीट कळत नाही. म्हणून रंगाच्या जोडीला आकार आला. ज्वालाग्राही वायूंच्या तोटीला उलटे आटे ठेवले गेले. १९५२ साली अमेरिकेत भुलीच्या यंत्रांसाठी खुंट्यांची पद्धत निघाली. प्रत्येक वायूच्या खुंट्यांची जागा निराळी, त्यामुळे भलता सिलिंडर बसतच नाही. डोळा चुकला तरी हात अडतो.

समुद्रात मात्र ही युक्तीही अपुरी ठरते. कूस्तो व गान्यां यांनी १९४३ मध्ये पाण्याखाली श्वास घेण्याचे साधन सिद्ध केले. त्या टाकीला लोक सर्रास ‘ऑक्सिजनची टाकी’ म्हणतात. वस्तुतः तारकर्लीस पर्यटकाच्या पाठीवर असते ती साधी दाबलेली हवा, जीत ऑक्सिजन सुमारे २१ टक्के. दाबाखालील ऑक्सिजनने आकडी येते, हे पॉल बेर या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८७८ मध्येच दाखविले होते. शुद्ध ऑक्सिजन सुमारे ६ मीटरखाली धोक्याचा. ३२ टक्क्यांचे मिश्रण सुमारे ३३ मीटरपर्यंत चालते. असे मिश्रण १९७९ साली अमेरिकेच्या ‘नोआ’ या सागरी संस्थेने आपल्या पाणबुड्यांच्या नियमपुस्तकात घातले, आणि पुढे ते हौशी पाणबुड्यांतही रुळले. आता टाकी तीच, पण आत २१, ३२, ५० किंवा १०० टक्के, काहीही असू शकते. हिरवा-पिवळा पट्टा मिश्रण आहे एवढेच सांगतो. किती ते सांगत नाही. म्हणून पाणबुड्यांत रीत पडली की, जो बुडी मारणार त्याने स्वतः मापकाने वायू तपासावा, आणि टाकीवर चिकटपट्टी लावून टक्केवारी, खोलीची मर्यादा, तारीख व आपली आद्याक्षरे लिहावी.

या रीतीचे मर्म आपल्याला २०२१ च्या एप्रिलात उमगावयास हवे होते. रुग्णांसाठी सिलिंडर पुरेनात, तेव्हा नायट्रोजन व आर्गॉनचे सिलिंडर ऑक्सिजनसाठी बदलून घेण्याची मुभा देण्यात आली. अशा वेळी आतली सफाई, तोटी, रंग आणि नाव यांतील एक पायरी गाळली तरी काय ओढवेल, हे सांगणे नको. नायट्रोजनने माणूस गुदमरल्याची जाणीवही न होता कोसळतो.

रंग, आटे, खुंट्या ही सर्व शिस्त हवीच. पण भरणाऱ्याने दिलेला शब्द घेणाऱ्याने एकदा पडताळून पाहणे, यात अविश्वास नाही. ज्या वस्तूला डोळा पारखू शकत नाही, तिच्या बाबतीत विश्वास टिकविण्याचा हाच मार्ग आहे, असे आम्हांस वाटते.