मोहफूल आणि सरकारी गल्ला

गेल्या वर्षी पदवीच्या वर्गात मी इंग्रजी राजवटीतल्या महसुलाचा भाग शिकवत होतो. जमीनमहसूल, मीठ, अफू, अबकारी असा क्रम चालला होता. अबकारीचे नाव निघताच पुढच्या बाकावरचा एक मुलगा हसला. सुट्टीच्या दिवशी तो कर्जतजवळच्या एका फार्महाऊसवर कामाला जातो. तिथले मुंबईचे मालक घरीच बिअर बनवतात, असे त्याने सांगितले. मोड आणून वाळवलेला गहू आणि जव गरम पाण्यात ठेवायचे, रस गाळून हॉपच्या फुलांबरोबर उकळायचा, निवला की यीस्ट घालायचे आणि आंबू लागल्यावर हापूसचा गर मिसळायचा. पाहुणे आले की मालक ही सारी कृती कौतुकाने समजावून सांगतात. वर्ग ऐकत राहिला.

तास संपल्यावर मागच्या बाकावरचा कातकरी मुलगा माझ्याजवळ आला. म्हणाला, "सर, माझ्या आयेनं मडक्यात मोहं आंबवली तर तिला गाडीत घालतात. ह्यांना का नाही?"

मी त्याला कायदा सांगितला. परवान्याशिवाय मद्य बनवणे महाराष्ट्रात दोघांनाही मना आहे. पण तो कायदा विचारत नव्हता. कायदा एकच असताना धाड एकाच्याच झोपडीवर का पडते, हा त्याचा प्रश्न होता. त्याचे उत्तर इतिहासात शोधावे लागते, म्हणून हा लेख.

आधी मोहफुलाविषयी. चैत्राच्या तोंडावर कर्जत-खालापूरच्या डोंगरपट्टीत मोहाची फुले पहाटे गळतात. ठाकर, कातकरी बाया-पोरे उजाडायच्या आत ती वेचतात आणि उन्हात सुकवतात. सुकलेल्या फुलाच्या वजनात निम्म्याहून अधिक साखरच असते. त्यामुळे त्याला गूळ लागत नाही, नवसागर लागत नाही. पाण्यात भिजवून चारआठ दिवस आंबवायचे आणि मग उकळून वाफ थंड करायची. बिअर नुसती आंबवतात, मोहाची गाळतात, एवढा फरक. पण मोह म्हणजे केवळ दारू नव्हे. धान्य संपल्यावर हीच फुले शिजवून खाल्ली गेली आहेत. बियांचे तेल निघते. लग्नात, देवकार्यात, मर्तिकात मोहाची धार लागते. कडूसालात जगवणारे झाड आदिवासीने देवासारखे मानले, त्यात नवल नाही.

ह्या झाडावर सरकारची नजर गेली ती महसुलासाठी. १८७८ साली मुंबई इलाख्याचा अबकारी कायदा झाला. मक्ते त्याआधीही होते, पण डोंगरातल्या मडक्यापर्यंत सरकारचा हात पुरता पोचत नव्हता. नव्या व्यवस्थेत दारू गाळायची ती सरकारी देखरेखीखालच्या मोठ्या भट्टीत, तिच्यावर कर भरायचा आणि ती विकायची मक्तेदाराने. घरी गाळणारा गुन्हेगार ठरला. त्याच १८७८ साली हिंदुस्थानचा वनकायदाही झाला. खैराच्या लाकडापासून कात काढणारा तो कातकरी. त्याचा खैर वनखात्याकडे गेला आणि मडके अबकारी खात्याकडे. एका वर्षात एका माणसाच्या दोन्ही हातांवर दोन खात्यांनी पाय दिला.

तरी मडकी फुटेनात. मग १८९२ साली मुंबई सरकारने खास मोहफुलांसाठीच कायदा केला. ठाणे आणि कुलाबा ह्या दोन जिल्ह्यांत परवान्याशिवाय मोहफूल बाळगणे आणि विकणे ह्यांवर त्याने बंदी आणली. कर्जत आधी ठाण्यात होते, मग कुलाब्यात आले. कुठेही धरा, कायद्यातून सुटका नव्हती. दारूला बंदी एक वेळ समजते. इथे झाडाखाली पडलेले फूलच गुन्ह्याचा मुद्देमाल झाले, मग ते भाकरीऐवजी खाण्यासाठी ठेवलेले का असेना.

आता ह्याची दुसरी बाजू पाहा. ह्याच पट्ट्यात उरणला मोठमोठ्या परवानाधारक भट्ट्या चालत होत्या. त्या मुख्यतः पारशी मालकांच्या होत्या. त्यांत मोहाचीच दारू गाळली जाई, आणि त्यासाठी फुले थेट पंचमहालातून येत. म्हणजे उरणच्या भट्टीत पडले की मोहफूल महसूल होत होते आणि कर्जतच्या झोपडीत सापडले की गुन्हा. इंग्रजांना आदिवासीचे पिणे थांबवायचे नव्हते. त्याने घरचे न पिता गुत्त्यावरचे विकत घेऊन प्यावे, एवढेच त्यांना हवे होते. ज्याला पैशाची गरज क्वचित पडत असे, त्याला पैशासाठी सावकाराच्या आणि कोळशाच्या ठेकेदाराच्या दारात उभे करणाऱ्या कारणांत हे एक मोठे कारण होते.

हे केवळ आपल्याकडेच घडले असे नाही. फार्महाऊसवरची गव्हाची बिअर ज्या बव्हेरियाची, तिथे १५१६ च्या फर्मानाने बिअरसाठी जव, हॉप आणि पाणी एवढेच मोकळे ठेवले. पुढे १६०२ साली ड्यूक मॅक्सिमिलियनने गव्हाच्या बिअरचा मक्ता स्वतःकडे घेतला आणि त्यावर खजिना भरला. म्हणजे सामान्यांना गहू मना आणि राजाला नफा. मात्र तिकडचा माणूस त्यातून सुटला. इंग्लंडात घरी बिअर बनवण्यासाठी लागणारा परवाना १९६३ साली रद्द झाला. अमेरिकेने १९७८ साली ती मोकळीक दिली. आमच्या अबकारी कायद्याला तेव्हा बरोबर शंभर वर्षे झाली होती, आणि कातकरी बाई मडके पुरूनच ठेवत होती.

स्वराज्य आले म्हणून तिचे काही बदलले नाही. १९२७ च्या वनकायद्याने कात आणि मोहफूल ही दोन्ही, जंगलात सापडोत वा बाहेर, वनोपज ठरवली होती. ते कलम तसेच राहिले. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यानेही मोहफुलांसाठी वेगळी तरतूद ठेवली. ज्याची ऐपत होती त्याला डॉक्टरच्या चिठ्ठीवर आरोग्याचा परवाना मिळाला. ज्याची नव्हती त्याच्या वाट्याला काळ्या गुळाची, नवसागराची हातभट्टी आली. पुढे बंदी सैल झाली तेव्हा साखर कारखान्यांच्या मळीपासून काढलेल्या मद्यार्काची देशी दारू सरकारमान्य झाली. तिला संत्र्याचा वास लावून ती विकली जाते. म्हणजे कारखान्याची मळी प्रतिष्ठित झाली आणि रानातले फूल गुन्हेगारच राहिले. २००१ साली द्राक्षाच्या वाइनसाठी सरकारने खास सवलतींचे धोरण आखले. फळाफळांतही जात असते, हे असे कळते.

इथे काही वाचक मला अडवतील, आणि त्यांनी अडवावेच. १९५६ साली नागपूरला बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. ती मी पाळतो. दारूने माझा चुलता गेला आणि चुलतीने वीटभट्टीवर मुले वाढवली, हे मी पाहिले आहे. १८८० साली पुणे नगरपालिकेचे सभासद असताना जोतीरावांनी दारूच्या गुत्त्यांना विरोध केला, तो ह्याच अनुभवातून. २०१५ साली मालवणीत शंभरावर माणसे मेली. त्या दारूत कारखान्यातले मिथेनॉल होते आणि मेलेली माणसे झोपडपट्टीतली होती. तेव्हा मी दारूची आरती ओवाळायला बसलेलो नाही.

पण स्वतःहून घेतलेली प्रतिज्ञा वेगळी आणि दुसऱ्याच्या पाठीवर पडलेली काठी वेगळी. प्रतिज्ञा माणसाला उभे करते. काठीने कातकऱ्याची दारू सुटली नाही, हप्ता मात्र सुरू झाला. आणि आपण स्वतःलाही विचारले पाहिजे. माझ्या लहानपणी आमच्या बौद्धवाड्यात 'कातोडी' हा शब्द शिवीसारखा वापरला जाई. दारू गाळणारे, उंदीर खाणारे म्हणून आम्हीही त्यांना लांब ठेवले. वरच्यांनी आम्हाला जे केले तेच आम्ही खाली केले. चळवळीने ह्याचा हिशेब अजून मांडलेला नाही.

बाबासाहेबांनी एक माप घालून दिले आहे. मार्च १९२७ मध्ये मुंबई कायदेमंडळात शिक्षणाच्या खर्चावर बोलताना त्यांनी मागणी केली होती की, अबकारीतून लोकांकडून जितके घेता, निदान तितके तरी त्यांच्या शिक्षणावर खर्च करा. हे माप आजही लावता येते. कर्जत आणि खालापूर तालुक्यांतल्या दारूच्या दुकानांतून सरकार किती घेते आणि तिथल्या आदिवासी वाड्यांच्या शाळांवर किती खर्च करते, हे दोन आकडे कार्यकर्त्यांनी माहितीच्या अधिकारात मागवावेत आणि शेजारी शेजारी छापावेत.

दुसरे काम तातडीचे आहे. २०२१ साली राज्याने मोहफुले गोळा करण्यावरची व साठवण्यावरची बंधने सैल केली. २०२२ साली मोहासारख्या फुलांच्या आणि काजूसारख्या फळांच्या मद्याला देशीऐवजी विदेशी मद्याचा दर्जा देण्याचे ठरले. उद्या मोहाची बाटली मुंबईच्या हॉटेलात मानाने बसेल. मात्र परवाना कोणाच्या नावाने निघेल? रायगड जिल्हा अनुसूचित क्षेत्रात नाही, म्हणून पेसा कायद्याने ग्रामसभेला मिळालेले मादक पदार्थांच्या नियमनाचे अधिकार इथल्या वाड्यांना नाहीत. २००६ चा वनहक्क कायदा मात्र इथेही लागू आहे आणि त्यात गौण वनोपजावरची मालकी मान्य केली आहे. ते दावे वाडीवाडीने दाखल झाले पाहिजेत, नाहीतर उरणचा इतिहास पुन्हा घडेल. फुले वेचणारी बाई शेर-किलोने विकत राहील आणि भट्टी दुसऱ्याची असेल. मोह खायचा, विकायचा, गाळायचा की बाटली आडवी करून वाडीत दारूच येऊ द्यायची नाही, हे त्या बाईने ठरवावे. आजवर तिला कोणी विचारलेलेच नाही.

त्या मुलाला मी एक काम दिले आहे. त्याच्या आजीला धाडींच्या आणि मोहाच्या ज्या आठवणी आहेत, त्या तिच्याच बोलीत वहीत उतरवून आणायच्या. आतापर्यंत त्याने अकरा पाने आणली आहेत.