वामनवृक्षांचें देशांतर

आपल्या पूर्वजांनीं वृक्षांस स्थावर म्हटलें; मनुष्यानें मात्र त्यांस जंगम केलें. उथळ कुंडींत वाढविलेले वामनवृक्ष, ज्यांस जपानी शब्दानें बोन्साय म्हणतात, ते तर दोन हातांत उचलतां येतात. मग थंड हवेंत पिढ्यान् पिढ्या जोपासलेला असा संग्रह गोंदियासारख्या उष्ण मुलुखांत आणण्यास अडचण ती कोणती? या प्रश्नाचें उत्तर इतिहासांत शोधावें, असा आमचा विचार आहे.

ही कला मूळची चीनची. इ. स. ७०६ मधील एका राजपुत्राच्या थडग्यांत, लहान झाडें व दगड मांडलेलीं तबकें घेऊन चाललेले सेवक चितारलेले आहेत. पुढें ती जपानांत गेली व तेथील देवदार-कुळांतल्या वृक्षांवर आणि मेपलवर पोसली गेली. १९२३ सालच्या भूकंपानें टोकियो उद्ध्वस्त झालें, तेव्हां तेथील कित्येक बागवानांनीं आपले संग्रह ओमिया येथें हलविले. १९२५ पासून त्यांची वसाहत तेथें नांदत आहे. तें स्थलांतर सुखरूप झालें, कारण अंतर थोडें होतें आणि ऋतु तेच होते.

ऋतु बदलले म्हणजे प्रकरण निराळें होतें. मेपलसारख्या झाडास हिंवाळा ही आपत्ति नसून निद्रा आहे. कित्येक आठवडे कडाक्याची थंडी लाभली, तरच त्याचे डोळे वसंतांत नीट फुटतात. गोंदियास पौषांतल्या रात्री गार असतात खऱ्या, पण दुपारीं ऊन तापतेंच. आणि वैशाखांत पारा ४५ अंशांच्या घरांत जातो, तेव्हां उथळ कुंडींतील मुळें अक्षरशः भाजतात. झाड एकाएकीं मरत नाहीं. झोंप न मिळालेल्या माणसाप्रमाणें तें सांठविलेलें बळ खर्चीत राहतें आणि दोन-तीन वर्षांनीं थकतें. चिनी एल्मासारखीं थोडीं झाडें उष्णता सोसतात. पण अपवादावर संग्रह उभा राहत नाहीं.

कोणी म्हणेल, निदान थंड हवेच्या डोंगरावर तरी हें साधेल. त्यास महाराष्ट्रांतच उत्तर आहे. १८६० सालीं क्लेमंट्स मार्कहॅम यांनीं अँडीज पर्वतांतून कोयनेल देणारा सिंकोना मिळविला व तो निलगिरींत रुजला. त्याच दशकांत महाबळेश्वरानजीक लिंगमळा येथेंहि त्याची लागवड झाली. उंची होती, गारवा होता. परंतु चार महिने मुसळधार पाऊस आणि मग आठ महिने कोरडे, हें ऋतुचक्र बारमाही ओलाव्यांत वाढणाऱ्या त्या झाडाचें नव्हे. तो प्रयोग फसला व सोडून द्यावा लागला. झाडाला नुसता गारवा पुरत नाहीं. त्याला आपलें सबंध वर्ष लागतें.

याउलट दक्षिण चीनमधील क्वांगतुंग प्रांताचें उदाहरण पाहावें. तेथील कलावंतांनीं उत्तरेकडील वृक्षांचा हट्ट धरला नाहीं. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत त्यांनीं फांदी मोकळी वाढूं द्यावयाची, छाटावयाची, पुन्हां वाढूं द्यावयाची, अशी रीत आपल्या स्थानिक झाडांवर सिद्ध केली. उष्ण प्रदेशांत झाड जोमानें वाढतें; तो दोष न मानतां त्यांनीं त्याचाच उपयोग केला. लिंगनान संप्रदाय तो हाच.

गोंदियाच्या रसिकानें हाच धडा घ्यावा. वड, पिंपळ, नांदरुक, चिंच यांना येथील ऊन परकें नाहीं. संग्रहांतील जुनीं झाडें थंड मुलुखांतल्या जाणत्या हातीं सोंपवावीं. तीं सोडतांना जीव कळवळेल. पण डोळ्यांदेखत तीं झिजूं देणें ही माया नव्हे. आपल्याबरोबर आणावी ती दृष्टि, कात्री आणि धीर.

याच जिल्ह्यांत याला मानवी दाखला आहे. १९७२ सालीं, हा मुलूख भंडारा जिल्ह्यांत असतांना, प्रतापगडानजीक तिबेटी निर्वासितांची नोर्ग्येलिंग वसाहत झाली. हिमालयापलीकडील थंडी त्यांना बरोबर आणतां आली नाहीं. येथील उन्हांत त्यांनीं येथील माती कसली. भाषा व उपासना मात्र आपली ठेवली. वामनवृक्षांच्या उपासकानेंहि याहून अधिक कांहीं आणण्याचा आग्रह धरूं नये, असें आम्हांस वाटतें.